विश्लेषण : कार्यालयातला प्रिंटर अचानक ऑफलाइन का होतो? इंटरनेटचे क्रमांक वहीत सांभाळणारे जॉन पोस्टेल कोण होते?

पुराडा किंवा मालेवाड्याहून सकाळची एसटी धरून एखादा शेतकरी कुरखेड्याला येतो. धान खरेदी केंद्रावर नोंदणी करायची असते, त्यासाठी सातबारा हवा असतो. खिडकीमागच्या संगणकावर उतारा दिसतो, ऑपरेटर प्रिंटची कळ दाबतो आणि काहीच होत नाही. प्रिंटर चालू असतो, कागद असतो, टोनरही असतो. पडद्यावर मात्र प्रिंटर ऑफलाइन असल्याचा संदेश येतो. कुणी केबल हलवून बघते, कुणी प्रिंटर बंद करून सुरू करते. तेवढ्यात परतीच्या गाडीची वेळ होते.

हे कुरखेड्यातच घडते असे नाही. चार-पाच संगणकांत मिळून एकच प्रिंटर असलेल्या कुठल्याही शाळेत, बँकेत, दवाखान्यात किंवा सेतू केंद्रात हे घडू शकते. अनेकदा बिघाड यंत्रात नसतो, क्रमांकात असतो. संगणक ज्या क्रमांकावर कागद पाठवतो, त्या क्रमांकावर आता प्रिंटर नसतो. तिथे कुणाचा तरी मोबाइल असतो, नाहीतर कुणीच नसते.

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक क्रमांक हवा, दोघांना एकच क्रमांक मिळता कामा नये आणि कुणाला काय दिले याची नोंद कुणीतरी ठेवली पाहिजे. आज सोपी वाटणारी ही गोष्ट ज्यांनी सुमारे तीन दशके जवळपास एकहाती सांभाळली, ते जॉन पोस्टेल. इंटरनेट वापरणाऱ्या बहुतेकांनी त्यांचे नाव ऐकलेले नसते.

वहीची सुरुवात कशी झाली?

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. पुढे इंटरनेटच्या पायाभरणीत या तिघांची नावे एकत्र येणार होती. पोस्टेल यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून, म्हणजे यूसीएलएमधून, १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. डॉक्टरेट १९७४ मध्ये मिळाली.

ते तिथे शिकत असतानाच अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. त्याचे नाव आर्पानेट. त्याचे पहिले केंद्र १९६९ मध्ये यूसीएलएमध्ये, प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत उभे राहिले. यंत्रे जोडण्याचे काम सुरू झाले, पण ती एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलणार हे ठरलेले नव्हते. ते ठरवण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे आले. आपल्याला कुणी अधिकार दिलेला नाही याची या मुलांना जाणीव होती. त्यामुळे त्यांनी आपल्या टिपणांना नियमावली न म्हणता अभिप्रायासाठी विनंती असे नम्र नाव दिले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती आरएफसी म्हणून ओळखली जातात. पहिले टिपण एप्रिल १९६९ मध्ये क्रॉकर यांनी लिहिले.

टिपणे वाढू लागली तशी कुणाचे कितवे, कशात काय बदलले, हे बघायला माणूस लागला. पोस्टेल यांनी ते अंगावर घेतले. संपादक म्हणून ही मालिका ते अखेरपर्यंत पाहत राहिले. क्रमांकांचेही तसेच झाले. संगणकांवर वेगवेगळ्या सेवा चालू लागल्या आणि जो तो आपल्याला सुचेल तो क्रमांक वापरू लागला. मे १९७२ मधल्या ३४९ क्रमांकाच्या आरएफसीत पोस्टेल यांनी सुचवले की, हे क्रमांक वाटणारा आणि त्यांची यादी प्रसिद्ध करणारा एक सर्वाधिकारी असावा. तो बहुधा आपणच असू, असेही त्यांनी त्यात लिहिले, पण शेजारी प्रश्नचिन्ह टाकून. त्या टिपणात प्रतिध्वनी तपासण्याच्या सेवेला त्यांनी ७ हा क्रमांक दिला होता. ५० वर्षांनंतरही त्या सेवेचा क्रमांक ७ च आहे.

या कामासाठी ना निवडणूक झाली, ना नेमणुकीचा आदेश निघाला. कुणालाच नको असलेले कारकुनी काम एकाने स्वीकारले आणि नीट केले म्हणून बाकीच्यांनी ते त्याच्याकडेच राहू दिले.

आयपी अॅड्रेसशी त्यांचा संबंध काय?

विद्यापीठ सोडल्यावर पोस्टेल यांनी काही काळ मायटर आणि एसआरआय या संस्थांत काम केले. मार्च १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत आले. ही संस्था मरिना डेल रे या किनारी गावात आहे. लांब दाढी, पायात सँडल, सुट्टी मिळाली की सिएरा नेवाडाच्या डोंगरात पाठीवर पिशवी टाकून भटकंती, असा त्यांचा खाक्या. पुढची २१ वर्षे ते इथेच राहिले आणि क्रमांकांची वहीही त्यांच्यासोबत इथे आली.

सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांच्या संपादनाखाली लागोपाठ तीन दस्तऐवज प्रसिद्ध झाले. ७९१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉल, ७९२ मध्ये निरोप पोहोचतो की नाही हे कळवण्याची पद्धत आणि ७९३ मध्ये टीसीपी. आज मोबाइलवर ही बातमी उघडते ती याच आराखड्याच्या जोरावर. आयपीचा मूळ विचार विंट सर्फ आणि बॉब कान यांचा, पण तो कुठल्याही कंपनीच्या अभियंत्याला वाचून यंत्रात उतरवता येईल अशा भाषेत मांडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात पोस्टेल यांचे. वर्षभरात, ऑगस्ट १९८२ मध्ये, ईमेल पाठवण्याचा नियमही त्यांनीच लिहिला.

या आराखड्यानुसार प्रत्येक यंत्राचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य आणि एक यांच्या ३२ घरांचा असतो. माणसाला वाचता यावा म्हणून तो चार भागांत लिहितात आणि प्रत्येक भाग ० ते २५५ मधला असतो. उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. त्या वेळी जगात संगणकच इतके कमी होते की ही संख्या कधी संपेल असे कुणाला वाटले नाही. पत्त्याचा सुरुवातीचा भाग जाळ्याचा आणि उरलेला त्या जाळ्यातल्या यंत्राचा. गाव आणि घर क्रमांक यांच्यासारखेच हे असते. गाव चुकले तर टपाल तालुक्यातच येत नाही, घर चुकले तर ते शेजाऱ्याकडे पडते.

त्याच महिन्यात पोस्टेल यांनी ७९० क्रमांकाच्या आरएफसीत वाटलेल्या क्रमांकांची यादी छापली. कोणते जाळे कुणाकडे, याचा तो तक्ता होता. १० या क्रमांकासमोर आर्पानेट असे लिहिले होते. हा १० पुढे कुरखेड्यापर्यंत येणार होता.

जुने नियम सोडून सगळ्या जाळ्याने नव्या नियमांवर येण्याची तारीख १ जानेवारी १९८३ ठरली. त्या स्थलांतराचा आराखडाही पोस्टेल यांचाच होता. लोक टाळाटाळ करत होते. त्यामुळे १९८२ मध्ये मधूनच जुनी पद्धत काही काळ बंद ठेवून त्यांना चुणूक दाखवण्यात आली. अंतिम मुदत दिल्याशिवाय काम हलत नाही, हे तिथेही खरे होते.

पोस्टेल यांच्या नावाने आणखी एक तत्त्व ओळखले जाते. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळायचे, पण दुसऱ्याकडून आलेले थोडे वेडेवाकडे असले तरी समजून घ्यायचे. एका कंपनीचा संगणक, दुसरीचा राउटर आणि तिसरीचा प्रिंटर एकत्र नांदतात, त्यात या समजूतदारपणाचा वाटा आहे. त्यामुळे चुका खपून जातात आणि सुरक्षेचे प्रश्न उभे राहतात, अशी टीकाही नंतरच्या अभियंत्यांनी केली आहे आणि ती चुकीची नाही.

नावांचा हिशेब आणि मुंबईचे कनेक्शन

आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. पोस्टेल यांनी आपल्याच संस्थेतल्या पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे हा प्रश्न सोपवला आणि त्यातून १९८३ मध्ये डोमेन नावांची पद्धत आली. देशांना दोन अक्षरी नावे द्यायची तर कोणता भूभाग देश आहे हे ठरवावे लागणार. पोस्टेल यांनी त्या वादात पडायचे टाळले. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची दोन अक्षरी देशयादी आधीच तयार होती, ती त्यांनी जशीच्या तशी घेतली. कुणाला देश म्हणायचे हे आमचे काम नाही, ही भूमिका पुढे १९९४ च्या दस्तऐवजात त्यांनी स्पष्टपणे मांडली.

भारताचे डॉट इन हे नाव मे १९८९ मध्ये नोंदले गेले आणि त्याची जबाबदारी मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे आली. जुहूची ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. सामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे भारतात बहुतेकांना इंटरनेट हा शब्द माहीत होण्याच्या सहा वर्षे आधी पोस्टेल यांच्या तक्त्यात भारताचे नाव लिहिलेले होते.

या सगळ्या कामाला १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक भारदस्त नाव मिळाले. इंटरनेट असाइन्ड नंबर्स अथॉरिटी, थोडक्यात आयएएनए. नाव प्राधिकरणाचे असले तरी प्रत्यक्षात पोस्टेल, त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी जॉयस रेनल्ड्स आणि मोजकी माणसे एवढाच हा कारभार होता. पगार अमेरिकी सरकारच्या संशोधन कंत्राटातून निघायचा. जाळ्यांचे रोजचे वाटप हळूहळू इतरांकडे गेले. युरोपसाठी १९९२ मध्ये आणि आशिया-प्रशांतसाठी १९९३ मध्ये स्वतंत्र नोंदणी संस्था सुरू झाल्या. सर्वात वरची वही मात्र मरिना डेल रे इथेच होती.

प्रत्येक प्रिंटरला जगात वेगळा पत्ता का लागत नाही?

१९९० च्या दशकात पत्ते संपणार हे दिसू लागले. प्रत्येक कार्यालयातल्या प्रत्येक यंत्राला जगभरात एकमेव असा पत्ता द्यायचा, तर ४२९ कोटी पुरणार नव्हते. शिवाय कार्यालयातल्या प्रिंटरला जगाशी बोलायचेच नसते. त्याला शेजारच्या टेबलावरचा संगणक दिसला की पुरे.

मग मार्च १९९४ मध्ये काही अभियंत्यांनी तोडगा मांडला. काही पत्ते कुणालाच विकत किंवा वाटून द्यायचे नाहीत. ते प्रत्येकाने आपापल्या चार भिंतींच्या आत हवे तसे वापरायचे, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालणार नाहीत. आयएएनएने त्यासाठी तीन पट्टे राखून ठेवले. १० ने सुरू होणारे सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ मधले सुमारे साडेदहा लाख आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६. आर्पानेट १९९० मध्ये बंद झाले होते, त्यामुळे १० ची पाटी कोरी झाली होती. ज्या क्रमांकावर इंटरनेटचा जन्म झाला, तोच आता कुणीही वापरावा असा सार्वजनिक क्रमांक झाला.

यावर लगेच वाद झाला. जुलै १९९४ मध्येच काही अभियंत्यांनी आरएफसी लिहून विरोध केला. एकाच क्रमांकाची यंत्रे दोन कार्यालयांत असतील आणि उद्या ती कार्यालये जोडावी लागली तर गोंधळ होईल, हा त्यांचा मुद्दा होता. तो बरोबरही होता. दोन बँका विलीन होतात तेव्हा आजही नेटवर्क सांभाळणाऱ्यांना हाच त्रास होतो. पण पर्याय नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये सुधारित दस्तऐवज आला, क्रमांक १९१८. त्याच्या लेखकांत विरोध करणाऱ्यांपैकी एकाचे, एलियट लिअर यांचे, नावही होते.

घरच्या राउटरमध्ये, सेतू केंद्रात किंवा लहान शाळेत बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते दिसतात. मोठ्या जाळ्यांत १० ने सुरू होणारे जास्त असतात. कुरखेड्यातल्या प्रिंटरचा १९२.१६८.१.२० आणि कोल्हापुरातल्या प्रिंटरचा तोच क्रमांक, दोघेही सुखाने नांदतात, कारण दोघांची भेटच होत नाही. बाहेर जाताना राउटर सगळ्यांच्या वतीने एकच जागतिक पत्ता लावतो.

मग कुरखेड्यातला प्रिंटर ऑफलाइन का होतो?

जागतिक वहीची गरज संपली, तरी कार्यालयापुरत्या वहीची संपलेली नाही. अडचण इथेच सुरू होते.

पत्ते वाटायचे काम आता राउटर करतो. त्या पद्धतीचे नाव डीएचसीपी आणि तिचा आज प्रचलित असलेला मसुदा मार्च १९९७ चा आहे. यंत्र सुरू झाले की ते पत्ता मागते आणि राउटर काही मुदतीसाठी एक पत्ता भाड्याने देतो. मोबाइल आणि लॅपटॉपसाठी हे उत्तम. त्यांना शोधत कुणी येत नाही, तेच दुसऱ्यांकडे जातात. प्रिंटरचे उलटे आहे. तो जागेवर बसून असतो आणि सगळे त्याच्याकडे येतात. रोज घर बदलणाऱ्या पोस्टमनने फारसे बिघडत नाही, रोज जागा बदलणाऱ्या टपाल कार्यालयाने बिघडते.

पावसाळ्यात वीज गेली आणि आली की राउटर बंद होऊन सुरू होतो. अनेक स्वस्त राउटरमध्ये वाटपाची नोंद तेव्हा पुसली जाते. आधी हात पुढे करेल त्याला आधीचा क्रमांक. प्रिंटर गरम व्हायला वेळ घेतो, तोवर त्याचा जुना क्रमांक कुणाच्या तरी मोबाइलला गेलेला असतो. संगणकांना मात्र प्रिंटरचा जुनाच पत्ता शिकवलेला असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, राउटरमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवणे. प्रत्येक प्रिंटरला कारखान्यातूनच एक कायमचा ओळख क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. आकडे आणि अक्षरे यांच्या सहा जोड्या असतात. प्रिंटरच्या मेनूमधून कन्फिगरेशनचे पान छापले की तो त्यावर दिसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये रिझर्व्हेशनच्या जागी हा मॅक आणि हवा तो आयपी पत्ता एकदा लिहिला की प्रिंटरला दरवेळी तोच पत्ता मिळतो.

दुसरा उपाय, प्रिंटरमध्येच पत्ता कायमचा भरणे. तो करताना एक चूक सर्रास होते. राउटर १९२.१६८.१.१०० ते २०० हे पत्ते वाटत असेल आणि प्रिंटरला हाताने १०५ दिला, तर राउटरला ते कळत नाही. तो उद्या १०५ दुसऱ्या कुणाला देऊन मोकळा होतो आणि दोन यंत्रे एकाच पत्त्यावर भांडत बसतात. म्हणून हाताने दिलेला पत्ता वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा, समजा २० किंवा २१, असा हवा. सोबत सबनेट मास्क आणि गेटवे हे दोन आकडेही बरोबर भरावे लागतात. मास्क चुकला तर प्रिंटरला शेजारचा संगणक परगावचा वाटतो.

दोन्हींपैकी राखून ठेवण्याचा उपाय बरा, कारण सगळी नोंद एकाच ठिकाणी राहते. राउटर बदलला की मात्र ती नोंदही जाते. त्यामुळे कोणत्या प्रिंटरला कोणता पत्ता हे एका वहीत आणि प्रिंटरवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवणे शहाणपणाचे.

पत्ता बरोबर आहे का हे बघायला संगणकावर पिंग ही आज्ञा देतात. ती ज्या नियमाने चालते तो १९८१ मधला ७९२ क्रमांकाचा, म्हणजे पोस्टेल यांचाच दस्तऐवज. उत्तर आले तर त्या पत्त्यावर कुणीतरी आहे. ते प्रिंटरच आहे का हे बघायला त्याच संगणकावरच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकायचा, बहुतेक नेटवर्क प्रिंटर स्वतःचे पान उघडून दाखवतात. पत्ता हे घर मानले तर कागद आत घ्यायचा दरवाजा वेगळा असतो, त्याला पोर्ट म्हणतात. जुन्या पद्धतीच्या छपाईला ५१५, नव्या पद्धतीला ६३१ आणि अनेक कंपन्यांच्या प्रिंटरना ९१००. यातला ५१५ हा पोस्टेल आणि रेनल्ड्स यांच्या ऑक्टोबर १९९४ च्या यादीत छपाईसाठी नोंदलेला आहे. १९७२ मध्ये प्रश्नचिन्ह टाकून सुचवलेल्या यादीचीच ही वाढलेली आवृत्ती.

१९९८ मध्ये काय घडले?

जाळे लहान होते तोवर एका माणसावरचा विश्वास पुरत होता. १९९० च्या दशकात डॉट कॉम नावांत पैसा आला, खटले आले आणि अमेरिकी सरकारचे लक्ष गेले. कोणाच्या अधिकाराने हा दाढीवाला संशोधक जगाचे क्रमांक वाटतो, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. उत्तर अडचणीचे होते, कारण तसा कागद कुणाकडेच नव्हता.

नावांची सर्वात वरची यादी जगभरातल्या रूट सर्व्हरवर असते. मूळ प्रत नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीच्या यंत्रावर होती. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना ईमेल पाठवून ही यादी यापुढे आयएएनएच्या यंत्रावरून घ्यायला सांगितले. त्यांनी ऐकले. सरकारी सर्व्हर जुन्या जागी राहिले. दोन्हीकडची यादी सारखीच असल्याने वापरणाऱ्यांना काहीच जाणवले नाही. पण काही दिवसांसाठी इंटरनेटच्या नावांचा कारभार दोन ठिकाणी विभागला गेला होता.

अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हस्तक्षेप केला आणि पोस्टेल यांनी बदल मागे घेतला. ती फक्त चाचणी होती, असे त्यांनी सांगितले. अनेक जाणकारांना ते तेव्हाही पटले नव्हते. दोनच दिवसांनी, ३० जानेवारीला, अमेरिकी सरकारने या कारभाराच्या नव्या रचनेचा प्रस्ताव जाहीर केला. आयुष्यभर शब्दाने विश्वास कमावलेल्या माणसाने त्या विश्वासाची ताकद एकदा वापरून पाहिली आणि ती सरकारपुढे टिकणारी नाही हेही त्याच आठवड्यात दिसले. हे बंड होते की तालीम, यावर अजूनही मतभेद आहेत.

त्यानंतरचे महिने नवी संस्था उभी करण्यात गेले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन ही ना-नफा संस्था नोंदली गेली, पोस्टेल यांची वही तिच्याकडे जायची होती. पण १६ ऑक्टोबरला हृदयाच्या झडपेवरील शस्त्रक्रियेनंतर झालेल्या गुंतागुंतीत लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. ते ५५ वर्षांचे होते. नवी संस्था तेव्हा अवघी १६ दिवसांची होती.

पुढे काय झाले?

विंट सर्फ यांनी लिहिलेला स्मृतिलेख त्याच महिन्यात आरएफसी मालिकेतच आला, क्रमांक २४६८. त्या मालिकेत दोनशेहून अधिक दस्तऐवजांवर पोस्टेल यांचे स्वतःचे नाव आहे.

आयएएनएच्या साठ्यातले ३२ बिटी पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. खासगी पट्टे नसते तर ते बरेच आधी संपले असते. भारतातले पत्ते २०१२ पासून आयआरआयएनएन ही देशी नोंदणी संस्था पाहते. अमेरिकी सरकारचे आयएएनएवरचे देखरेखीचे कंत्राट १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपले.

इंटरनेट सोसायटी पोस्टेल यांच्या नावाने सेवा पुरस्कार देते. १९९९ मधला पहिला पुरस्कार त्यांनाच मरणोत्तर दिला गेला. २०१४ मध्ये तो नेपाळच्या महावीर पुन यांना मिळाला. डोंगरातल्या ज्या गावांत टेलिफोनची तारही पोहोचली नव्हती, तिथे त्यांनी झाडांवर अँटेना बांधून वायरलेस जाळे नेले होते.